बायकांना कसला रेडिओ हवा?

मॅट्रिक झाल्यावर मला गिरगावातल्या एका रेडिओच्या दुकानात काम मिळालं. काउंटरवरचं नाही. मालक म्हणाले, "परळ-लालबागच्या चाळींत जा. पुरुष दुकानात येऊन सेट बघून जातात, पण घरात काय येणार ते बायका ठरवतात. त्यांना कसला रेडिओ हवा ते विचारून वहीत लिही. तसाच माल मागवू."

मला ते इतकं पटलं की पहिल्या दिवशी मी जेवायचंसुद्धा विसरले. बायकांचं मत कुणी विचारतंय, हेच मला नवीन होतं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. गिरणीची पाळी सुटली की पुरुष तडक सभेला जात. परळच्या एका चाळीत मला एक बाई भेटली. घर नुकतंच बौद्ध झालेलं, भिंतीवर बुद्धाची नवी तसबीर. तिनं मला पाटावर बसवलं, चहा दिला.

"आमचे हे सभेवरून येतात," ती म्हणाली. "काय झालं विचारलं, तर म्हणतात, 'झाली सभा.' एवढंच! मला माझ्या कानांनी बातम्या ऐकायच्यात. पण आमच्या खोलीत वीज नाय गं. बॅटरीवरचा, फळीवर मावेल असा असला तर सांग. आणि तू सांगशील तोच घेऊ."

मी शब्दन् शब्द लिहून घेतला. 'खोलीत वीज नाही' याखाली रेघ ओढली. अशा अकरा घरांची वही मालकांच्या हातात दिली. ते म्हणाले, "छान केलंस."

महिन्याभरानं त्या चाळीत पुन्हा गेले, तर त्या बाईनं बसायला सांगितलं नाही. कोपऱ्यात एक भलंमोठं लाकडी धूड होतं. विजेवरचा जुना सेट, आमच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर पडून असलेल्यांपैकी. वरून नवं पॉलिश.

"तुझ्या दुकानाचा माणूस आला होता," ती म्हणाली. "मला बातम्या ऐकायच्यात, हेसुद्धा त्याला ठाऊक. म्हणाला, त्या ताईंनीच हा तुमच्यासाठी निवडलाय. चाळीला महिन्यात वीज येणार, ताईंनी चौकशी केलीय."

"मी असं काही बोलले नाही हो."

"नसशील. पण तुझं नाव घेतलं म्हणून मी त्याला घरात घेतलं."

मी तडक दुकानात आले. दर्शनी काचेत हातात मावणारे नवे ट्रान्झिस्टर मांडले होते, मोटारीतून येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी.

"वीज नाही असं मी स्पष्ट लिहिलं होतं," मी मालकांना म्हणाले.

"म्हणून तर वीज येणार असं सांगावं लागलं," ते शांतपणे म्हणाले. "जुना माल कुठे खपेल ते मला कळत नव्हतं. तुझ्या वहीमुळे कळलं."

मी वही मागितली. त्यांनी दिली नाही.

दुसऱ्या दिवशी मी अकराही घरांत जाऊन खरं काय ते सांगितलं. काहींनी दार लावून घेतलं. एका म्हातारीनं मला नाही नाही ते सुनावलं, मी ऐकून घेतलं. शेवटी चौघी जणी तयार झाल्या. हातगाडीवर चार सेट घालून आम्ही भर बाजाराच्या वेळी दुकानापुढे उभ्या राहिलो. आत गिऱ्हाइकं होती. परळची बाई पायरीवर चढली आणि मोठ्यानं म्हणाली, "वीज कधी येणार, ते विचारायला आलोय." लोक वळून बघायला लागले. मालकांनी चौघींचे सेट परत घेतले, पैसेही दिले. मला बोटानंच बाहेरची वाट दाखवली. न आलेल्या सात घरांचं काय झालं, मला कळलं नाही.

"ट्रामपर्यंत येते," मी त्या बाईला म्हणाले.

"नको. आम्ही जाऊ," ती म्हणाली. रागावलेली दिसत नव्हती. बाकीच्या तिघींना घेऊन ती रस्ता ओलांडून गेली.