दस्त्याची गादी

लढाई संपल्यावरच्या हिवाळ्यात मी पलूसला मित्राच्या मळ्यात हुरड्याला गेलो होतो, तो नवी विलायती छर्‍याची बंदूक मिरवतच. शेजारच्या शेतात लढाईवरून परतलेला एक गडी ज्वारी राखत होता. खांद्यात गोळी लागल्यापासून त्याला गोफण फिरवता येत नव्हती, म्हणून तो एका जुनाट छर्‍याच्या बंदुकीनं पाखरं उठवायचा. तिच्या दस्त्याला बायकोनं गादी शिवून दिली होती. आत घोंगडीच्या घड्या, वर जुन्या लुगड्याचा हिरवा काठ. नेम धरण्याआधी तो दर वेळी गादी थापटायचा आणि मगच दस्ता खांद्याला लावायचा. बांधावरून बायको ओरडायची, "आवं, जरा खाली धरा! हाडाला लागंल."

माझा खांदा धडधाकट होता, तरी माझ्या पोटात दुखायला लागलं. न राहवून मी विचारलं, "अशी गादी कुठं मिळेल हो?"

त्यानं लगेच दोऱ्या सोडून गादी माझ्या हातात ठेवली.

"घ्या की पावनं. ही करंल दुसरी, सांजच्याला."

साताऱ्याला परतल्यावर महिनाभरात गादीची शिवण उसवली. मी ती बायकोपुढे धरली.

मान वर न करता ती म्हणाली, "शिंप्याकडे टाका."