भैरोबाचा कौल आणि जीपचे पाटे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पोराला नाही, सुनेला नाही. देवाला तर नाहीच — त्याला सांगायची गरज नव्हती, तो तिथंच होता. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि वाचून झाल्यावर माझ्या दारात येऊन बसणार नाही. रडगाणं ऐकायला आला असाल तर आत्ताच उठा. मी जिंकले त्याची ही गोष्ट आहे. कशी जिंकले — ते मात्र वाईट आहे.

आमची वाडी पाटणच्या वर, पठारावर. खाली जायला रस्ता म्हणतात तो चाकांनीच कातळावर पाडलेला. मध्ये एक घळ लागते. आमची जीप जुनी, फौजेच्या लिलावातली. माझ्या मालकांनी आणि धाकट्या दिरांनी मिळून आणलेली, म्हणून दोन्ही घरांची. मालक गेले. जीप राहिली, दीर राहिले. दीर फौजेत गाडीवरच होते, हवालदार होऊन घरी आले. तेव्हा जीपच्या बाबतीत वाडीत त्यांचा शब्द शेवटचा. चालवायचा माझा पोरगा संपत, पण नटबोल्टला हात लावण्याआधी चुलत्याला विचारायचा.

घळ आली की सगळ्यांनी उतरायचं, ही रीत. पोटुशी असो, म्हातारं असो, तापानं फणफणलेलं असो — उतरायचं, धोंडे धरत पलीकडं चढायचं. तरण्यांनी गाडी ढकलायची. गाडी वर आली की परत बसायचं. सवयच झाली होती. सवय झाली की माणूस विचारतं का, असं का म्हणून?

मी विचारलं नसतं. पण माझा पाय मोडला. गोठ्यात घसरले, मांडीचं हाड गेलं. मला जीपमध्ये आडवी घालून निघाले आणि घळीत चाक नुसतं फिरायला लागलं. मग घोंगडीसकट उचलून मला खाली धोंड्यांजवळ ठेवलं. घोंगडीची चार टोकं चौघांनी धरली होती. एक टोक दिरांच्या हातात होतं — हे ध्यानात ठेवा. माझ्या ध्यानात होतं, तरी मी जे केलं ते केलं.

पडल्या पडल्या मी गाडीचं पोट बघत होते. दुसरं काय बघणार? मागचं एक चाक खड्ड्यावर लोंबत होतं, जमिनीपासून वीतभर वर. हवेत गरगर. वरचे पाटे, गाडीचं ओझं तोलणाऱ्या त्या लोखंडी पट्ट्या, पहारीसारखे ताठ. चाकाला खाली यायचं होतं, पाटे येऊ देत नव्हते. गाडीत ताकद कमी नव्हती हो. तिचा पाय जमिनीला पोचत नव्हता. एवढंच होतं.

पुढं पाय बरा झाला, थोडी लंगडते. पाटे पार बसले, एक तुटला, तेव्हा सगळी किटच नवी घालायचं ठरलं. पैसा एकदाच जमणार होता. चुकलं तर परत नाही. आम्ही इस्लामपूरला गेलो, उसाच्या ट्रॉल्यांचे पाटे करणाऱ्या एका मिस्त्रीकडं. तो म्हणाला, दोन्ही तऱ्हेचं करून देतो. एक — जाड पाटे, वर आणखी दोन चढवायचे, गाडी उंच आणि घट्ट. दुसरं — पाटे लांब आणि पातळ, त्यांना धरणारी शॅकल लांब, धक्के झेलणारे शॉकअप असे की ओढले की पुरते लांबतील. त्यात गाडी फार उंच होत नाही, पण चाक खड्ड्यात खोल उतरतं आणि धोंड्यावर तितकंच वर दुमडतं.

दिरांनी उंच गाडी धरली. खालून काही घासायला नको, ओझ्यानं बसायला नको. त्यांचंही चूक नव्हतं, फौजेत ओझ्याच्याच गाड्या चालवलेल्या. मी म्हटलं, "आवं भावजी, शेळी कातळावर चढती ती काय उंच असती म्हणून? तिचा पाय खाली पोचतो म्हणून."

"वैनी, ही जीप हाय. दूध देत न्हाई."

मिस्त्री इतका हसला की हातातला चहा सांडला. गोष्ट आमच्या आधी वाडीत पोचली. पाणवठ्यावर बाया विचारायच्या, "काय वं, शेळीची किट आली का?" पोरगा परतीच्या वाटेवर हळूच म्हणाला होता, "आये, तुजं बराबर हाय. पर नानांफुडं मी न्हाई बोलणार." चुलत्याला तो नाना म्हणतो. बोलला नाहीच. अर्धी जीप माझी, अर्धी त्यांची. मी हटेना, ते हटेनात. पावसाळा तोंडावर आला, जीप तुटक्या पाट्यावर उभी.

शेवटी दीरच म्हणाले, कौल लावू. आमच्यात अडलं की भैरोबाला विचारतात. देवाच्या दोन अंगांना दोन कळ्या पाण्यानं चिकटवायच्या, गुरवानं गाऱ्हाणं घालायचं, जी कळी आधी पडेल ते देवाचं म्हणणं. सोयरीक, पेरणी, विहिरीची जागा — सगळं विचारलंय. जीपच्या पाट्यांचं कुणी विचारलं नव्हतं. कुणाला हसू आलं नाही. दिरांना तर नाहीच. फौजेत असतानाही सुट्टीवर आले की घराआधी देवळात जायचे असा माणूस.

आता आलेच तिथं. सांगते — घाई करू नका.

देवळाची झाडलोट आमच्यात घरटी पाळीनं असते. त्या दिवशी पाळी माझ्या घरची होती. ती मी मागून घेतली नव्हती, आलेली होती. सकाळी झाडून काढलं, समईत तेल घातलं. अंगठ्याला तेल लागलं होतं. ते मी पदराला पुसायचं — रोज पुसते. त्या दिवशी देवाच्या डाव्या खांद्याला पुसलं. डावं अंग माझ्या किटचं ठरलं होतं. काळा दगड, तेलकट काय अन् ओला काय, दिसतो सारखाच. मी परत समईत बोट बुडवलं आणि परत लावलं. म्हणजे चुकून झालं असं म्हणायला जागा नको.

गुरवानं पाणी घातलं, कळ्या चिकटवल्या. गाऱ्हाणं अर्धंही झालं नव्हतं, माझी कळी सुटून खाली आली. त्यांची चिकटलेलीच. दीर हात जोडून उभे होते. म्हणाले, "देवा, माजं काय चुकलं?" देवाला विचारत होते. उत्तर मला ठाऊक होतं, आणि मी उभी होते त्यांच्या मागं. खोटं कशाला बोलू — मला बरं वाटलं. इतकं बरं मला लेकाच्या लग्नातही वाटलं नव्हतं.

किट माझ्या मनासारखी आली. बसवताना दीर अंगणात आले. कुणी बोलावलं नव्हतं. खाली वाकून बघितलं आणि संपतला म्हणाले, "चाक एवढं खाली जाणार, तर ब्रेकचा रबरी पाईप बी लांब पायजे. न्हाईतर घळीत तुटंल, मरशीला." आणि निघून गेले. ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मिस्त्रीच्याही नाही. पाईप बदलला. हरलेल्या माणसानं सांगितलं म्हणून आम्ही जिवंत आहोत, हेही लिहून ठेवते.

पहिल्या बाजारादिवशी जीप गच्च भरली. मी पुढं बसले. घळ आली, सगळे सवयीनं उठले. मी ओरडले, "बसा खाली! कोण उतरायचं न्हाई!" संपत माझ्याकडं बघायला लागला. म्हटलं, घाल गाडी. आणि बाहेर वाकून मी चाक बघितलं. ते खाली गेलं — अजून खाली — अंधारात पायरी चाचपावी तसं — आणि धोंड्यावर टेकलं. पलीकडचं चाक मडगार्डखाली दुमडून गेलं. गाडी वाकडी झाली, पण चारी पाय जमिनीवर. एकही चाक हवेत फिरलं नाही की घसरलं नाही. वर! सरळ वर! कुणी उतरलं नाही, कुणी ढकललं नाही. वाडी वसल्यापासून पहिल्यांदा माणसं बसल्या जागेवर घळीपलीकडं गेली. मी किंचाळले. या वयात, पदर सुटलेला, किंचाळले. मागं बाया टाळ्या पिटत होत्या. शेळीची किट, व्हय! शेळीचीच!

तेव्हापासून आजपर्यंत एकही आजारी माणूस त्या घळीत खाली ठेवलेलं नाही. मी बरोबर होते. हे कुणीही मला नाकबूल करायला लावू शकणार नाही.

आणि दीर? त्यांनी जीपला परत हात लावला नाही. देव आपल्यावर रुसला असं त्यांनी धरलं. का रुसला याचा शोध घेत बसले. आई आजारी असताना रजा टाकली नव्हती ते आठवलं, बांधावरून भांडले होते ते आठवलं, एकेकाची माफी मागत फिरले. माझीही मागितली, जीप दूध देत नाही म्हणाले होते त्याची. मी दिली. माफी — मी दिली! पुढं थोरल्या लेकाकडं साताऱ्याला राहायला गेले. मी एक शब्द बोलले असते तर माणूस घरात राहिला असता. बोलले का? नाही. घाबरले म्हणून? नाही. लोक माझ्या किटचं नाव काढत होते, ते मला सोडवेना.

यंदा जत्रेला आले. थकलेत. मागच्या फळीवर बसले होते. घळीत उतरायला म्हणून काठी टेकून उठू लागले. मी म्हटलं, "बसा भावजी." गाडी वर आली. ते वाकून खाली चाक बघत होते. मग म्हणाले, "देवाला आपल्यापेक्षा लय कळतं, वैनी."

मी "व्हय" म्हटलं.

देवळात त्यांनी आणलेला नारळ माझ्या हातात दिला. बाईनं नारळ फोडायची आमच्यात रीत नाही. ते गुरवाला म्हणाले, "वैनीच फोडतील. देव त्यांच्या बाजूनं बोलला व्हता." कुणी अडवलं नाही. मी फोडला. एका घावात दोन सारखी भकलं झाली. खोबरं वाटलं, सगळ्यात आधी त्यांच्या हातावर ठेवलं. मग मीही खाल्लं. गोड होतं.