दुसऱ्या फर्म्यातली माणसं

शुद्धलेखन चुकेल आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, त्याबद्दल आधीच माफी. चौथीनंतर लिहायची वेळच आली नाही. वाचायची आली, तीही बाइंडिंगच्या कारखान्यात.

परळच्या आमच्या गाळ्यात आम्ही बायका छापील कागदांना घड्या घालतो. एका मोठ्या कागदाच्या घडीतून सोळा पानं होतात, त्याला फर्मा म्हणतात. लांब टेबलावर फर्म्यांचे गठ्ठे क्रमाने लावतात. माझी जागा दाराजवळ, म्हणून दुसरा फर्मा नेहमी माझा. शेवटचा खिडकीजवळच्या काकींचा.

गेल्या वर्षी जुन्या डिटेक्टिव्ह कादंबऱ्या पुन्हा छापायला निघाल्या. एकामागून एक पुस्तकं येत होती आणि मी प्रत्येकाची तेवढीच सोळा पानं वाचत होते. खून पहिल्या फर्म्यात होऊन गेलेला असायचा, खुनी सापडायचा तो काकींकडे. माझ्या वाट्याला गुप्तहेर, त्याचा मित्र आणि दोघं जिच्याकडे जेवायचे ती खानावळवाली मावशी. मरणारा नवा, मारणारा नवा, हे तिघे मात्र तेच. गुप्तहेर बोलता बोलता चहा थंड करणार, मित्र भलत्याच माणसावर संशय घेणार, मावशी दोघांना ओरडणार. सगळं पाठ होतं, तरी पुन्हा वाचावंसं का वाटायचं? आमची नायगावची चाळ पाडायला घेतली तेव्हा शेजारी कुठे कुठे पांगले, त्यामुळे असेल. पण चाळीत होते तेव्हाही मला शेजाऱ्यांशी बोलायला कुठे जमत होतं!

मित्राने बहिणीच्या लग्नासाठी मावशीची सगळी साठवण उसनी घेतली होती. दर पुस्तकात तो म्हणे, "पुढच्या महिन्यात नक्की, मावशी." मावशी म्हणे, "कुठल्या सालातल्या?" मला हसू यायचं आणि तिच्यासाठी जीवही तुटायचा.

शेवटच्या पुस्तकात मावशी खानावळ बंद करून कायमची गावी निघाली. सामान बांधलं, आणि तिथेच माझा फर्मा संपला. मित्राने आता पैसे दिले नाहीत तर कधीच नाहीत. घड्या झालेले गठ्ठे त्याच संध्याकाळी शिलाईला दुसरीकडे जाणार होते.

जेवणाच्या सुट्टीत मी काकींपाशी जाऊन उभी राहिले.

"काय गो, मीठ व्हया?"

"नको. शेवटचा फर्मा... त्याने मावशीचे पैसे दिले का, ते बघायचं होतं."

सगळं टेबल हसलं. "अगं, ही बोलते!" एकजण म्हणाली. दुसरी म्हणाली, "खून कोणी केला ते राहिलं बाजूला, हिला उधारीची पडलीय!"

माझे कान तापले. परत फिरणार, तेवढ्यात काकींनीच विचारलं, "मगे? दिल्यान काय?" त्यांनी शेकडो घड्या घातल्या होत्या, पण चष्मा घरी असल्याने एक ओळ वाचली नव्हती. एक फर्मा माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "वाच मोठ्यान. आधी हात पूस."

मी ओळीवर बोट ठेवून वाचायला लागले. खुनी दुसऱ्याच पानावर सापडला. "फुडे चल," काकी म्हणाल्या. डबे उघडेच राहिले. अखेर एसटी सुटायच्या वेळेला मित्र धापा टाकत स्टँडवर आला आणि त्याने खिडकीतून मावशीच्या हातात पाकीट दिलं.

"पुढच्या महिन्यात दिलं असतंस," मावशी म्हणाली आणि तिथेच पाकीट उघडून बसली. एक रुपयाही कमी नव्हता.