आबांचं पथ्य

समुपदेशनाला मी एकटाच जाणार होतो. आठ महिने ठरवत होतो, आणि ठरवण्यातच निम्मा दमलो होतो. पण आमच्या घरात दवाखान्याला कुणी एकटं जात नाही. साधी दाढ काढायची असली तरी सोबतीला एक माणूस, पाण्याची बाटली आणि जुन्या कागदांची फाईल लागते. त्या मंगळवारी सकाळी मी गाडी सुरू केली आणि आबा, म्हणजे माझे वडील, धुतलेली टोपी घालून पिशवीसकट मागे येऊन बसले.

"आबा, झोप लागंना एवढंच हाये. तुमी कशाला?"

"दवाखान्याला एकट्यानं जाऊ न्हाई," ते म्हणाले आणि पिशवी आमच्या दोघांच्या मध्ये नीट बसवली. वाद घालायची ताकद माझ्यात नव्हती.

मी आबांची थोरली मुलगी. हे इथेच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर वाचणारा कोड्यात पडेल. आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. बेडशाच्या लेण्यांखाली आमचं गाव, भाताची जमीन, आणि ती बघायला घरात मुलगा नाही. अकराव्या वर्षी आबांनी मला ट्रॅक्टरवर बसवलं. ते न्हाव्याकडे जाताना मला सोबत न्यायचे आणि स्वतःसारखेच माझे केस कापून आणायचे. घरात मी पहिल्यापासून ‘आलो, गेलो’ असंच बोलायचो. त्याबद्दल कुणी कधी टोकलं नाही, उलट पाहुण्यांसमोर मुद्दाम बोलायला लावायचे. कुणी विचारलं की आबा छाती फुगवून सांगायचे, "पोरगी कसली, पोरगाच हाय त्यो माजा."

बहिणीचं लग्न झालं, वराळ्याला दिली. लग्नात नवरदेवाचा कान पिळायला नवरीचा भाऊ लागतो. भावकीतले चार चुलतभाऊ हौसेने तयार होऊन उभे होते. आबांनी त्यांना बाजूला सारलं, मला फेटा बांधला आणि पुढे केलं. नवरदेवाचा कान मी असा पिळला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मांडव हसला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा दिवस कोणता, असं विचारलं तर मी तोच सांगेन. संध्याकाळी फोटोसाठी आत्यांनी मला ओढून नेऊन साडी नेसवली. त्या फोटोत मी हरवलेल्या माणसासारखा दिसतो.

आता माझी पस्तिशी उलटली आहे. तळेगावजवळच्या एका कारखान्यात तपासणी विभागात नोकरी करतो, सुट्टीला शेत बघतो. माझ्या लग्नाचा विषय घरात काढून काढून सगळे थकले आणि मग तो आपोआप बंद पडला. मला आतून काय वाटतं ते मला फार आधीपासून माहीत होतं. त्याला शब्द मिळाले ते फोनवर, लोकांचं लिहिलेलं वाचून. माणसं औषधं घेतात, ऑपरेशन करून घेतात, कागदपत्रं बदलतात आणि पुरुष म्हणून जगायला लागतात, हे कळलं तेव्हा आधी हायसं वाटलं. आणि मग एक शंका मनात शिरली ती निघेना. आबांना मुलगा हवा होता. त्यांनी तीस वर्षं मला मुलगा म्हटलं. मग हे जे मला वाटतंय ते माझं आहे, की त्यांची राहून गेलेली हौस मी माझ्या अंगावर घेऊन फिरतोय? या एका प्रश्नाने माझी झोप खाल्ली होती.

तळेगावात गेलो असतो तर दोन तासांत गावात बातमी. लोणावळ्यात बाहेरची माणसं इतकी येतात की कुणी कुणाकडे वळून बघत नाही. कुसगावात एका सोसायटीच्या तळमजल्यावर दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत चार खुर्च्या आणि अर्ज देणारी एक मुलगी. अर्जावर ‘येण्याचं कारण’ यापुढे दोन ओळी मोकळ्या होत्या. आबा खांद्यावरून वाचत होते म्हणून मी ‘झोप लागत नाही’ असं लिहिलं आणि दुसरी ओळ तशीच सोडली.

"फाईल घिऊन जा आत," आबा म्हणाले. मी ती त्यांच्याच मांडीवर ठेवून आत गेलो.

मॅडम पन्नाशीच्या असतील. अंगावर शाल, टेबलावर पाण्याचा थर्मास. समोर बसलो तरी बराच वेळ मी झोपेबद्दलच बोलत राहिलो. किती वाजता पडतो, किती वाजता उठतो, चहा किती पितो. त्या सगळं ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आणि दुसऱ्या ओळीत काय लिहायचं होतं?"

मला राग आला. आठ महिन्यांची तयारी, आणि यांनी एका वाक्यात नेमका तिथेच हात घातला. पण त्या रागातच मी बोलून गेलो. ट्रॅक्टर, न्हावी, कान पिळणं, साडी, सगळं. दर महिन्याला चार दिवस मला स्वतःच्या अंगाची किती किळस येते तेही सांगितलं. चौदाव्या वर्षी ट्रॅक्टरवरून पडून हात मोडला होता, तेव्हाची क्रेप बँडेजची पट्टी मी टाकली नाही, पुढे ती छातीला आवळून बांधायला लागलो, आणि ती झिजली तेव्हा दुसरी आणली. हे मी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगताना आवाज अगदी कोरडा होता, कारखान्यात अहवाल वाचून दाखवतो तसा.

मॅडम म्हणाल्या, "ती पट्टी बांधू नका. बरगड्यांना इजा होते, श्वास नीट घेता येत नाही. त्यासाठी वेगळे कपडे मिळतात, मी सांगेन."

त्या एवढंच म्हणाल्या आणि मला रडू फुटलं. पस्तीस वर्षांत या बाबतीत कुणी मला कामाचं असं काही सांगितलं नव्हतं.

रडून झाल्यावर मी माझा खरा प्रश्न विचारला. हे माझं की आबांचं? माझी अपेक्षा साधी होती. आमच्या कारखान्यात भोकाचं माप बघायला एक गेज असतो. एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. बसला तर माल पास, नाहीतर बाद. असं काहीतरी त्यांच्याकडे असेल, ते लावतील आणि सांगतील, असं मला वाटत होतं.

त्या म्हणाल्या, "हे मी सांगू शकत नाही. पण एक विचारते. वडिलांनी तसं म्हणणं थांबवलं, तर तुमच्याकडे काय उरेल?"

"मला काय माहीत? त्यांनी कधी थांबवलंच नाही."

"बरं. मग एवढं आपल्याला अजून माहीत नाही. आज इथेच थांबू."

एवढ्यासाठी मी रजा टाकली होती? मी बाहेर आलो. आबा त्याच खुर्चीत, मांडीवर फाईल, तिच्यावर दोन्ही हात.

"काय निघालं?"

"काय न्हाई निघालं."

"फाईल मागितली न्हाई?"

"न्हाई."

"मंग कशाचा दवाखाना ह्यो," असं पुटपुटत ते गाडीवर बसले.

कार्ला फाट्याच्या अलीकडे चहाला थांबलो. टपरीवाला आमच्या शेजारच्या गावचा, ओळखीचा. आबांनी बशीत चहा ओतला आणि तिसऱ्यांदा विचारलं, "खरं सांग, काय म्हनल्या बाई?" मला खोटं बोलायचाही कंटाळा आला होता. मी सांगितलं ते धाडसाने नाही, थकून सांगितलं.

"आबा, मला बाईमानूस म्हनून जगनं जमत न्हाई. म्या आतून गडीमानूसच हाये असं वाटतं. लहानपनापासून. पर त्ये माझं मला वाटतं, का तुमी म्हनत आलात म्हनून वाटतं, त्ये कळंना. त्येच इचारायला गेलतो."

आबांनी बशी खाली ठेवली. चहा थंड होऊन त्यावर साय आली तरी ते तिच्याकडेच बघत होते.

"आमी कौतुकानं म्हनायचो रं," शेवटी म्हणाले. "आमच्या बोलन्यानं झालं व्हय हे?"

"तसं न्हाई आबा."

"मंग कसं?"

तेवढ्यात टपरीवाला कप उचलायला आला, त्याने आबांजवळची फाईल बघितली. "काय भाऊ, दवाखान्याला गेलता का? पोरगा हाय म्हनून बरं, कुटंबी घिऊन जातोय."

हे वाक्य मी हजार वेळा ऐकलेलं. त्यावर आबा काय म्हणतात तेही पाठ. पण आबा ताठ बसले आणि म्हणाले, "पोरगी हाय ती माजी. पोरगीच हाय."

टपरीवाला हसला, त्याला ती थट्टा वाटली. मी पैसे दिले आणि गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवसापासून आबा बदलले. सकाळी मला "बाय, च्या घी," म्हणून हाक मारली. आईने चमकून वर बघितलं. भाताची झोडणी नुकतीच उरकली होती, पेंढा आणायचा होता. मी ट्रॅक्टरची किल्ली शोधायला लागलो तर ती खुंटीवर नव्हती. त्यांनी शेजारच्याला सांगून ठेवलं होतं. "तू ऱ्हाऊ दी बाय. दमतीस तू." बांधावरच्या रस्त्यासाठी भावकी बसली, तिथे मी नेहमी त्यांच्या शेजारी बसायचो. त्या दिवशी शेजारच्या ओसरीवरच्या बैठकीला ते एकटेच गेले. कुणीतरी विचारलं असणार, कारण मी अंगणात असताना आबांचा आवाज ऐकला, "पोरगी घरी हाय."

पहिले चार-पाच दिवस मी नुसता चिडलो. त्यांना कळलंच नाही, असं वाटायचं. मग एकदा जेवताना लक्षात आलं. ते बोलता बोलता मध्येच थांबायचे, शब्द गिळायचे, दुसरा शोधायचे, आणि मग माझ्या चेहऱ्याकडे बघायचे. काविळीच्या माणसाला तेलाचं काही दिलं नाही म्हणून आता उतार पडला का, असं घरातली माणसं बघतात, तसं. आबा पथ्य पाळत होते. माझ्यासाठी, स्वतःच्या जिभेवर. मुलगा म्हणण्याने पोरीला रोग जडला, तर म्हणणं सोडू, एवढा सरळ हिशोब. या वयात तीस वर्षांची सवय मोडत होते बिचारे, आणि मी त्यांच्यावर दात खात होतो.

मॅडमचा प्रश्न त्यांनी ऐकलाही नव्हता, पण उत्तराची सोय करून ठेवली होती. बाराव्या की तेराव्या दिवशी मी आईबरोबर ओसरीवर तांदूळ निवडत बसलो होतो. किल्ली नाही, बैठक नाही, हाक नाही. घरात मला कुणीही पोरगा म्हणत नव्हतं. आणि मी तसाच होतो. जे वाटत होतं त्यातलं कणभरही हललं नव्हतं, उलट आता त्याच्यावर कसलं पांघरूण नव्हतं म्हणून ते जास्त दुखत होतं. आबांचं ते कौतुक मला ओझं वाटायचं. ते गेलं तेव्हा कळलं की या घरात मला ओळखणारं तेवढं एकच वाक्य होतं. औषधं घ्यायची का, ऑपरेशन करायचं का, की काहीच न करता असंच राहायचं, हे मला अजूनही माहीत नाही. पण हे कुणाचं आहे, ते मला त्या तांदळाच्या सुपापाशी बसून कळलं. आनंद वगैरे झाला नाही. मला फक्त खूप झोप आली, आणि मी तिथेच ओसरीवर भिंतीला टेकून झोपलो.

पुढच्या मंगळवारी आबा पुन्हा धुतलेली टोपी घालून तयार. कुसगावला पोचलो, चार खुर्च्यांतल्या त्याच खुर्चीत ते बसले आणि फाईल मांडीवर घेतली. मग इकडे तिकडे बघून हळूच म्हणाले, "बाय, जरा फरक वाटतोय का? पंधरा दिस झालं, म्या एकदाबी म्हनलो न्हाई."

त्यांच्या चेहऱ्यावर एवढी आशा होती की मला त्यांच्याकडे बघवेना. मी शेजारच्या खुर्चीत बसलो. आतून मॅडमनी माझं नाव पुकारलं.

"आबा," मी म्हणालो, "पथ्य सोडा आता. त्यानं जानारं न्हाई त्ये. तुमच्यानं झालंच नव्हतं."

त्यांनी फाईलची नाडी सोडली, पुन्हा बांधली.

"मंग आता?"

"आज तुमी आत चला माझ्यासंगं. एकट्यानं जाऊ न्हाई म्हनताय ना?"

आबा उठले. टोपी सारखी केली आणि फाईल काखेत धरून माझ्या मागोमाग आत आले.