चपट्या तारांचे बेसवाले नाना

ऑर्केस्ट्रात आयुष्य काढून आवाजाचा इतका तिटकारा असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. कार्यक्रमाच्या गावी जीप थांबली की बेसवाले नाना आधी खाली उतरायचे आणि मांडवात जाऊन कर्ण्याचं तोंड फिरवून यायचे. कुणी भांडं आपटलं, कुणी खुर्ची ओढली, की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. ढोलकीवाल्याला ते भर कार्यक्रमात हातानं ‘हळू’ अशी खूण करायचे आणि तो बिचारा चिडून आणखी जोरात बडवायचा.

आमची ऑर्केस्ट्रा पार्टी सिरसाळ्याची. मी गायिका, जयंतीला भीमगीतं, लग्नसराईत लोकगीतं आणि पुढाऱ्याच्या वाढदिवसाला जे सांगतील ते. नाना हंगामात साखर कारखान्याच्या मिलवर फिटर आणि एरवी पार्टीत बेस गिटारवर. पार्टीचे मालक कारखान्याच्या अध्यक्षांच्या खास मर्जीतले. म्हणजे नानांची भाकरी दोन्हीकडून एकाच हातात होती. हे नानांना पक्कं ठाऊक होतं, तरी तोंडाला लगाम नव्हता. मला तर पाच वर्षांत त्यांनी एकदाही बरं म्हटलं नाही. फार झालं तर, “आज बेसूर न्हाई गेलीस,” एवढंच.

तारांवरून त्यांची आणि मालकांची कायमची जुंपलेली. बेसला चार जाड तारा असतात. सगळे वाजवणारे बसवतात त्या तारांवर बारीक तार गुंडाळलेली असते. आवाज झणझणीत येतो, पण बोट सरकवलं की करकर होते. नानांना हव्या होत्या चपट्या तारा, म्हणजे वरून पातळ पट्टी गुंडाळलेल्या, हाताला गुळगुळीत. आवाज गोल, दबका, बसका. त्या बीडला मिळत नव्हत्या. माइक घ्यायला आम्ही औरंगाबादला गेलो तेव्हा नानांनी दुकानदाराच्या मागे लागून कपाटाच्या तळातून एक धुळकट जोड काढायला लावला.

मालक म्हणाले, “नाना, कावून असल्या मेलेल्या तारा घेताव? लोकांच्या छातीत धडधड झाली पाहिजे.”

“छातीत धडधड करायला दुष्काळ हाय की,” नाना म्हणाले. मग माझ्याकडं वळून, “म्हण गं एक ओळ.”

भर दुकानात मी लाजत लाजत ओळ म्हटली. नानांनी आधी झणझणीत तारांच्या गिटारवर साथ केली, मग तिथल्याच एका गिटारवर चपट्या तारा चढवून घेतल्या आणि पुन्हा तीच ओळ म्हणायला लावली. स्वतःच्या वाजवण्याकडं त्यांचं लक्षच नव्हतं. दुकानाच्या दारात चहावाला उभा होता, त्याला ते विचारत होते, “बाई काय म्हणली, सांग बरं.” दुसऱ्या खेपेला चहावाल्यानं ओळ जशीच्या तशी सांगितली. नानांनी त्या तारा घेतल्या. मालक परतीच्या वाटेवर गेवराईपर्यंत कुरकुरत राहिले.

त्या तारा नानांनी पुन्हा कधी बदलल्या नाहीत. “चपटी तार जुनी झाली की शहाणी व्हती, माणसासारखी न्हाई,” म्हणायचे. एवढ्यानंही समाधान नाही म्हणून तारांच्या बुडाशी गादीतल्या फोमची पट्टी खोचलेली. त्यांची गिटार वाजायची तेव्हा ऐकू येण्याआधी पायाला कळायची. माझा आवाज मुळात बारीक. पण त्या काळात मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायका शब्द ऐकून डोळे पुसायच्या. त्यातला अर्धा मान नानांचा होता आणि तो त्यांना कुणी दिला नाही, मीसुद्धा मोठ्यानं दिला नाही.

मग पाऊस दोन वर्षं रुसला. ऊस वाळला, कारखान्याचं धुराडं थंड पडलं, माळावर जनावरांची छावणी उभी राहिली. मी नानांना म्हटलं, “आता तुमच्या मनासारखं झालं. मिलचा आवाज बंद.”

“असली शांतता मला नको व्हती,” ते म्हणाले.

त्या वर्षीही कारखान्याच्या वार्षिक सभेला आमची पार्टी बोलावली. सभासदांच्या मनोरंजनासाठी, असं पत्रिकेत छापलं होतं. खरी गोष्ट अशी की ही पद्धत अध्यक्षांनीच पाडली होती. विषय वाचून व्हायचा, कुणी प्रश्नाला उभं राहिलं की अध्यक्ष पाण्याचा ग्लास उचलायचे, आणि ग्लास उचलला की आम्ही गाणं सुरू करायचं. गाणं थांबलं की सभासद हात वर करून म्हणायचे, “मंजूर.” लोकांना त्याची इतकी सवय झाली होती, की कशाला मंजुरी दिली हे कुणी कुणाला विचारत नसे. मालकांनी नानांना आधीच बजावलं होतं, तारा बदला आणि आवाज चढवून ठेवा. नानांनी दोन्ही केलं नाही.

तिसऱ्या विषयाला लक्ष्मणबप्पा उठले. थकलेला माणूस, छावणीत त्यांची दोन बैलं होती. अध्यक्षांनी ग्लास उचलला. आम्ही सुरू झालो. ढोलकी गरजली, पण खाली बेस दबका होता, आणि त्यातून बप्पांचे तुटक शब्द स्टेजवर येत होते. छावणी... टँकर... नानांनी मान वर केली. मग सरळ तळवा तारांवर ठेवला. चपटी तार हात लागताच मुकी होते, नावालाही खरखर करत नाही. पायाखालचा आधारच गेल्यावर माझा सूर गेला, ढोलकी चार थाप लंगडत चालली आणि थांबली. मालक दातओठ खात नानांकडं बघत राहिले.

आणि सभेत बप्पांचा आवाज लख्ख ऐकू आला. “छावणीचा टँकर तुमच्या गेस्टहाऊसच्या हिरवळीवर कावून रिता व्हतोय? माझा एक बैल मेला, सायेब.”

एवढी माणसं, पण कुणी खोकलंसुद्धा नाही. मला वाटलं, आता कुणी तरी उठेल.

मागच्या रांगेतून कुणी तरी म्हणालं, “मंजूर.” गाणं थांबलं होतं ना. पाठोपाठ सगळे हात वर गेले. मंजूर, मंजूर. बप्पांच्या शेजारच्यानंही हात वर केला. अध्यक्ष हसले, म्हणाले, “बप्पांचा प्रश्न एकमतानं मंजूर. पुढचा विषय घ्या.” मग सगळेच हसले. ते हसणं मला आजही सहन होत नाही.

मालकांनी त्याच संध्याकाळी नानांना पार्टीतून काढलं. पुढच्या वर्षी पाऊस झाला, धुराडं पेटलं, हंगामी कामगारांना बोलावणी गेली. नानांना आलं नाही. विचारायला गेले, तर गेटवरच्या माणसानं आत सोडलं नाही. त्याच माणसाच्या मुलीच्या लग्नात नाना फुकट वाजवून आले होते. ते पिंपरीला मुलाकडं निघाले तेव्हा मी स्टँडवर गेले. गिटार सोबत नव्हती. कुठं आहे, विचारलं, तर म्हणाले, दिली कुणाला तरी.

एस. टी. लागली तेव्हा ते म्हणाले, “मला वाटलं व्हतं, आवाज बंद केला की लोक ऐकतेत. लई येडा माणूस मी.”

“नाना, तुमी बरोबर केलं.”

“बरोबर केलं म्हणून बैल उठला का?” असं म्हणून ते चढले.

त्यानंतरच्या सभेला पार्टी नव्हती, डीजे होता. नवऱ्याच्या नावावर शेअर आहे म्हणून मी गेले होते, मागे बायकांत बसले. स्पीकरचे भिंतीएवढे डबे रचलेले. लक्ष्मणबप्पा पुन्हा उठले, आणखी वाकलेले. अध्यक्षांनी ग्लास उचलला. डीजे सुरू झाला, छातीत धडधड झाली, खुर्चीचे पाय हलले. बप्पा हात हलवून हलवून बोलत राहिले आणि बसले.

घरी येऊन मी पिंपरीला फोन लावला. बप्पा पुन्हा उभे राहिले, म्हणून सांगितलं. पलीकडं नानांचा आवाज कधी नव्हे तो चढला.

“काय म्हणलं म्हातारं? नीट सांग, काय विचारलं?”

“ऐकू आलं न्हाई, नाना,” मी म्हटलं.