मुसळीची जागा

दुर्मीळ वनस्पतींची यादी करायला मी मोर्शीजवळच्या टेकडीवर गेलो होतो. रानभाज्या विकणाऱ्या एका बाईंनी मला सफेद मुसळीची झाडं दाखवली. त्या पानं वरच्यावर खुडायच्या आणि बुडाशी टाचेनं माती दाबायच्या. मी वहीत जागा लिहू लागलो, तसा त्यांनी माझा हातच धरला.

"झाडाचं नाव लिवा भाऊ, जागा नोका लिवू."

"का?"

"मांगच्या साहेबानं पलीकडची टेकडी लिवली. मंग लोकं कुदळी घेऊन आले, मुळ्या खणून घेऊन गेले. आता तिथं भाजीलेही पान नाई."

मी जागेचा रकाना कोरा ठेवला. जागेशिवाय नोंद चालत नाही, म्हणून वरिष्ठांनी मुसळी यादीतून वगळली. मी वाद घातला नाही. यंदा पावसाळ्यात जाऊन पाहिलं, टेकडीवर ती आहे.