चौदा नंबरच्या डब्यातलं तीर्थ

आजवर हातून झालेली सगळ्यात मोठी चूक कोणती, असं कुणी विचारलं तर सुनेत्रावहिनी आढेवेढे घेत नसत. "अकरा बायकांना न विचारता औषध पाजलं," म्हणत आणि वर हळूच जोडत, "तेही देवासमोर."

ही गोष्ट सत्त्याऐंशी सालच्या नवरात्रातली. वहिनी मूळच्या नरसोबाच्या वाडीजवळच्या. यजमान नंदकुमार फौजेत सुभेदार. त्यांची बदली चंडीगढजवळच्या चंडीमंदिर छावणीत झाली, आणि तीही पंजाब धुमसत असलेल्या अशा दिवसांत, की माहेरच्या प्रत्येक पत्राची पहिली ओळ 'तिकडे सगळे ठीक ना' हीच असे. चंडीगढ शहरात जायचं तर वाटेत तीन ठिकाणी वाळूची पोती रचलेली, बस थांबवून झडती. पिशवीतल्या कोथिंबिरीच्या जुडीतही जवान बोटं घालून बघत. संध्याकाळी सहानंतर कुणी विनाकारण घराबाहेर राहू नये, असा छावणीचा हुकूम. वहिनींनी लगेच सांजआरती सातावरून साडेपाचावर आणली. "देवाला काय, उजेडातही दिसतं," म्हणाल्या.

त्यांना एकच मुलगी, ज्योती. सहा वर्षांची, नाकीडोळी नीटस, पण बोलत नव्हती. चवड्यांवर चालायची, डब्यांची झाकणं फिरवत तासन्‌तास बसायची, आणि हाक मारली तर हाक दुसऱ्याच कुणाला मारली असावी अशा थाटात खिडकीबाहेर बघायची. मिठीत घ्यायला जावं तर मासोळीसारखी निसटायची. आधीच्या बदलीच्या गावी एका नामांकित डॉक्टरांनी तिला पाच मिनिटं पाहिलं होतं आणि वहिनींना दहा मिनिटं. मग म्हणाले होते, "आईच्या मायेत ऊब कमी पडली की मुलं अशी मिटून जातात."

त्या दिवसापासून दोन वर्षं वहिनी उपासावर उपास करत होत्या. नंदकुमार म्हणायचे, "अगं, तुझ्या मायेला ऊब कमी? तू चिडलीस की चहा तापवायला स्टोव्ह लागत नाही." वहिनी हसत, पण तेवढ्यापुरत्या.

चंडीगढच्या मोठ्या इस्पितळात ज्योतीला डॉक्टर मीनाक्षी भेटल्या. नागपूरच्या, तिशीच्या आतल्या, केसांची वेणी नेहमी अर्धी सुटलेली. तिथं वरच्या डॉक्टरांच्या हाताखाली ऑटिझमवर संशोधन करत होत्या. पहिल्याच भेटीत वहिनींनी खालमानेनं सांगून टाकलं, की माझ्यामुळेच झालंय म्हणतात.

"कोण म्हणतं?" डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, ते सारं मागे पडलं. परदेशात जुळ्या मुलांवर अभ्यास झाला. हुबेहूब सारखे जुळे असले आणि एकाला हे असलं, तर दुसऱ्यालाही असायची शक्यता फार. साधे जुळे असले तर तशी नसते. आई तर दोघांची एकच ना? म्हणजे हे जन्माच्या आधीपासून येऊन राहिलं, मेंदूच्या घडणीतून. तुमच्या कडेवर नाही बिघडलं ते."

वहिनींनी त्या संध्याकाळी पुरण घातलं. सण नाही, वार नाही. नंदकुमारांनी ताटाकडे पाहून विचारलं, "आज काय विशेष?"

"आज मी सुटले," वहिनी म्हणाल्या आणि त्यांच्या पोळीवर दुसऱ्यांदा तूप वाढलं.

मग दर गुरुवारी त्यांची वारी सुरू झाली. गुरुवार दत्ताचा, त्यामुळे वहिनींच्या लेखी ही नेमणूक वरूनच झालेली होती. डॉक्टरीणबाई तासभर ज्योतीबरोबर जमिनीवर बसत, झाकणं फिरवत, खेळवत. घरी काय काय करायचं ते वहिनींना शिकवत. मात्र हा तास मिळायचा तो अभ्यासात नाव असलेल्या मुलांनाच. वीस मुलं होती. एका जीवनसत्त्वानं अशा मुलांना फरक पडतो का, हे बघायचं होतं. प्रत्येकाला नंबर घातलेला एक डबा. काहींत खरं औषध, काहींत नुसती बिनकामाची पूड, वरून दिसायला सारखंच. कुणाच्या डब्यात काय आहे, हे आईला ठाऊक नसायचं आणि डॉक्टरलाही. ती यादी वरच्या डॉक्टरांच्या कपाटात कुलपात. ज्योतीचा डबा चौदा नंबरचा. रोज एक कॅप्सूल, आणि एका वहीत रोज लिहायचं: औषध दिलं का, झोप किती, नवीन काय केलं. वाट बघणारी मुलं आणखी पुष्कळ होती. नियम मोडला की नाव गेलं, आणि नावाबरोबर गुरुवार.

वहिनींचं लिखाण पहिल्यापासून नेमाचं. केळ्याच्या घासात कॅप्सूल द्यायची, दिवा लावायचा, वही लिहायची. दोन महिने एक दिवस चुकला नाही.

आणि मग नवरात्र आलं.

घट बसायच्या आदल्या दिवशी शेजारच्या सरोजताई गप्पांच्या ओघात म्हणाल्या, "आमचे हे सांगत होते, कॅप्सूलचं वरचं टरफल हाडांपासून करतात म्हणे." सरोजताई साताऱ्याच्या. त्यांचे यजमान मिलिटरी हॉस्पिटलात कामाला, तेव्हा शंका घ्यायला जागाच नव्हती. नऊ दिवस सोवळं, आणि स्वयंपाकघरात हाड?

त्यांनी विचार करून वाट काढली. व्हरांड्यात वर्तमानपत्र अंथरून कॅप्सूल उघडायची, टरफल बाहेरच्या बाहेर टाकायचं आणि आतली पूड दुधात. ज्योतीनं वाटी हुंगली आणि ओठ मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी मधात, तेही तसंच. वहीत वहिनींनी दोन्ही दिवस 'घेतले नाही' असं लिहिलं आणि तिसऱ्या दिवसाची चिंता करत आरतीला उभ्या राहिल्या.

आरतीला वहिनींकडे अकरा बायका जमत. चौघी मराठी, बाकी निरनिराळ्या मुलखांच्या, आणि त्यांत समोरच्या क्वार्टरमधल्या बलबीर कौर. त्यांचं माहेर तरनतारनकडे, तिथल्या बातम्यांनी जीव टांगणीला लागलेला. त्या म्हणायच्या, "घर में अकेली रेडियो सुनूँ तो पागल हो जाऊँ. यहाँ कम से कम घंटी तो बजती है." आरती झाली की सगळ्या भिंतीकडेनं ओळीत बसत, रोज त्याच जागी, आणि वहिनी पळीनं एकेकीच्या तळहातावर पंचामृत घालत जात.

तिसऱ्या दिवशी ओळीच्या शेवटी, बलबीर कौरच्या पलीकडे, ज्योती येऊन बसली. आपली आपण. वहिनी शेवटाला आल्या तेव्हा तिनं डाव्या हातावर उजवा ठेवला आणि पुढे केला.

वहिनींची पळी हवेतच थांबली. सहा वर्षांत या मुलीनं कुणापुढे हात केला नव्हता. हवं ते ओढून घ्यायची, नाहीतर दुसऱ्याचा हात धरून त्या वस्तूवर नेऊन आपटायची. तिनं तीर्थ घेतलं, चाटलं आणि पुन्हा हात केला.

चौथ्या दिवशी वहिनींनी चौदा नंबरची पूड पंचामृताच्या मोठ्या भांड्यातच घातली. त्यांचा हिशेब सरळ होता. वेगळ्या वाटीतलं पोरगी घेत नाही, सगळ्यांबरोबरचं घेते. आणि देवाचं वाटल्यानं कधी कमी झालंय? वहीत, आदल्या दिवशीच्या 'हात पुढे केला' याच्याखाली, लिहिलं: 'औषध दिले. तीर्थातून.' मग 'तीर्थातून' हा शब्द उगाच लांबण लावतो असं वाटून खोडला.

आठव्या दिवशी प्रसाद खाताना सरोजताई टाचा चोळत म्हणाल्या, "वहिनी, यंदा तुमच्या तीर्थात काहीतरी आहे हो. चार दिवस मला झोप अशी लागते, की ह्यांचं घोरणंसुद्धा ऐकू येत नाही. टाचा पण हलक्या झाल्यात."

वहिनी खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. "ज्योतीचं औषध आहे त्यात," म्हणाल्या.

बलबीर कौरना शेजारणीनं अर्थ सांगितला, तशी त्यांनी ओढणी तोंडाला लावली. "यानी चार दिन से हम सबका इलाज चल रहा है? सुनेत्राजी, फीस तो बताओ."

"तुम्ही हसताय," सरोजताई फणकारल्या. "विचारायचं तरी, वहिनी. मला कशाचं काय झालं असतं म्हणजे?"

"चुकलंच माझं," वहिनींनी कान धरले. "पण वाईट नाही हो ते, जीवनसत्त्व आहे."

"ते असू दे. पण एका पोरीचं औषध बारा जणींत, मग तिच्या पोटात गेलं किती? पळीभर."

हा प्रश्न वहिनींना तोवर पडलाच नव्हता. देवाचं कमी होत नाही हे खरं, पण डब्यावर नंबर देवाचा नव्हता.

मधला एक गुरुवार पंजाब बंदमध्ये गेला होता आणि पुढचा गुरुवार दुसऱ्याच दिवशी होता, इस्पितळात जायचं होतं. बसमध्ये वहिनी वही मांडीवर घट्ट धरून बसल्या. सांगितलं तर गुरुवार गेला. नाही सांगितलं तर? कुणाला कळणार होतं? आता कुठं पोरगी हात पुढे करायला लागलीय आणि आताच तिची शिकवणी आपल्या हातानं बंद करायची? झडतीच्या नाक्यावर जवानानं वही मागितली, दोन पानं उलटली. मराठी बघून विचारलं, "इसमें क्या लिखा है, माताजी?" वहिनींच्या तोंडून निघून गेलं, "बेटा, एक जगह झूठ लिखा है." तो गोंधळला आणि त्यानं वही परत दिली.

इस्पितळात डॉक्टरीणबाई ती पानं वाचता वाचता उभ्याच राहिल्या. "हात पुढे केला? स्वतःहून? आणि रोज? सुनेत्राताई, तुम्हाला समजून राहिलं का हे काय आहे ते? वीस मुलांत असं पहिल्यांदा घडतंय. मी आत्ता वर जाऊन सरांना सांगते, चौदा नंबरला औषध लागू पडलं म्हणून. बाकीच्या आयांनाही धीर येईल."

त्या दारापर्यंत पोचल्यासुद्धा. वहिनींच्या डोळ्यांसमोर बाहेरच्या बाकावर बसलेल्या त्या आया आल्या. उद्या त्या आपल्या मुलाच्या तोंडाकडे बघत बसणार, आता हात पुढे करेल, मग करेल.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "तिला औषध पुरतं गेलंच नाही. मी ते तीर्थात घालून अकरा बायकांना वाटलं."

मग टरफल, हाड, सोवळं, पळी, सगळं सांगितलं. खोडलेला शब्दही दाखवला. डॉक्टरीणबाई खुर्चीत बसल्या. हसू आवरत नव्हतं आणि हसायचंही नव्हतं, अशा चमत्कारिक अवस्थेत त्यांनी विचारलं, "आणि त्या अकरा जणी ठीक आहेत ना?"

"एकीच्या टाचा बऱ्या झाल्या."

आता मात्र त्यांनी टेबलावर डोकं ठेवलं. डोकं वर केलं तेव्हा डोळे पुसत होत्या, पण आवाज कामाचा झाला होता. "नाव काढावं लागेल, ताई. माझ्या हातात नाही ते. गुरुवारची जागा रोपडच्या मुलाला जाईल, चार महिने थांबला आहे तो."

"जाऊ दे," वहिनी म्हणाल्या. तो रोपडचा मुलगाही कुणाचा तरी होताच. त्या ज्योतीचा हात धरून उठल्या.

"बसा ना. मी जा म्हटलं का?" डॉक्टरीणबाईंनी कोरा कागद ओढला. "औषधानं नाही झालं, तर मग कशानं झालं हे? मला सारं सांगा. वेळ रोज तीच?"

"साडेपाच. हुकूमच आहे सहाचा."

"जागा त्याच? शब्द तेच?"

"आरतीचे शब्द बदलतात का कुठं?"

"आणि कुणी तिला ये म्हणत नव्हतं?"

"नाही. सगळ्यांचे डोळे पळीकडे."

डॉक्टरीणबाई भराभर लिहीत राहिल्या. पान उलटून लिहू लागल्या. शेवटी म्हणाल्या, "शनिवारी दुपारी माझी सुट्टी असते. अभ्यासात नाव नसलेल्या मुलांना घेऊन बसायचं कधीचं मनात होतं, पण सुरुवात कशानं करावी हे सुचून नव्हतं राहिलं. तुम्ही याल का? औषध नाही, नंबर नाही. साखरेचं पाणी आणि एक पळी."

"पळी चांदीची लागते," वहिनी म्हणाल्या. "माझी आणते."

तो शनिवार दिवाळीनंतर सुरू झाला. सहा मुलं, सहा आया, आणि आपणही पेशंट होतो असं सांगून हट्टानं आलेल्या बलबीर कौर. एक आई शीख होती, एक गुजराती. आरतीऐवजी सगळ्यांना येईल असं एक गाणं ठरलं. वहिनींनी सगळ्यांना भिंतीकडेनं बसवलं आणि बजावलं, "मुलाकडे बघायचं नाही. पळीकडे बघा. तुम्हाला हवं असल्यासारखं." आयांना हे फार अवघड गेलं. वर्षानुवर्षं त्यांनी दुसरीकडे बघितलंच नव्हतं.

थंडीत अभ्यास संपला, कपाटातली यादी बाहेर आली. दोन्ही तऱ्हेच्या डब्यांत सांगण्यासारखा फरक निघाला नाही. चौदा नंबरच्या डब्यात तर नुसती बिनकामाची पूडच होती. सरोजताईंना हे सांगायची जबाबदारी बलबीर कौरनी आनंदानं घेतली. सरोजताईंचा मात्र टाचांवरचा विश्वास ढळला नाही.

त्याच सुमाराला एका शनिवारी भलतंच घडलं. पळी ओळीत मध्यापर्यंत आली होती. शेवटी बसलेली ज्योती उठली, तडक पुढे आली, पुढच्या मुलाला कोपरानं बाजूला सारलं आणि वहिनींच्या हाताखाली दोन्ही तळहात धरले. वर चक्क आईच्या तोंडाकडे बघितलं.

"अगं, नंबर लाव," वहिनी संकोचून म्हणाल्या. "माफ करा हं, डॉक्टर. इतकी नीट बसत होती, आज बिघडली."

"बिघडली नाही." डॉक्टरीणबाईंनी वही त्यांच्यापुढे सरकवली. "तिला हवं होतं, आणि कुणाकडून हवं ते तिनं पाहिलं. लिहा. ढकललं म्हणून लिहा, आणि तारीख घाला."

वहिनींनी आधी पळी भरली, मग पेन घेतलं.